नाडीएवढं भांडवल

गावाकडच्या मित्रांत पुन्हा तोच वाद: ‘शूस्ट्रिंग बजेट’ला, म्हणजे अगदी नावापुरत्या पैशांत भागवण्याला, मराठीत शब्दच नाही, आपली भाषा तोकडी. आणि हे सोलापुरात बसून!

अहो, इथे इंग्लंडातल्या नॉर्थहॅम्प्टनात, जिथल्या फुटबॉल टीमला अख्खं गाव ‘कॉबलर्स’, म्हणजे चांभार, म्हणतं, तिथे बुटाच्या नाडीला कोणी शूस्ट्रिंग म्हणत नाही. लेस म्हणतात, आपल्यासारखंच. शूस्ट्रिंग उरलंय ते पैशांपुरतं, आणि तो वाक्प्रचारही मूळचा अमेरिकेतला; किरकोळ रकमेवर डाव मांडणाऱ्या जुगाऱ्यालाही तिकडे हेच विशेषण. आपल्याकडे तुटपुंजं आहे, पदरमोड आहे, अडला-नाडला आहे. आणि अंथरूण पाहून पाय पसरायला सांगणारी म्हण चादरींच्या गावाला पुरत नाही?

लेसचंच कौतुक असेल तर ती नीट बघा तरी. ती चादरीसारखी ताण्या-बाण्यात विणत नाहीत, तिचा गोफ घालतात. धाग्याच्या निम्म्या बॉबिनी (रिळं) उजवीकडून, निम्म्या डावीकडून, एकमेकींना आत-बाहेर चुकवत फिरतात, गोफ विणणाऱ्या पोरींसारख्या. ताण पडला की गोफ आणखी आवळतो. घात होतो टोकाला. प्लास्टिकची टोपी फुटली की धागे पिंजतात, लेस भोकात शिरत नाही. पॉलिस्टरची असेल तर टोक ज्योतीजवळ नेऊन जरा वितळवा. सुती जळेल, तिला नेलपॉलिश.

गाठ सुटते तीही उगाच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या अभियंत्यांनी दाखवलं: धावताना पाय आपटतो त्याचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सातपट, त्याने गाठ ढिली होते आणि झुलणारी मोकळी टोकं तिला ओढून सोडवतात. फुलाचे दोन्ही फासे बुटावर आडवे बसले तर गाठ बरोबर. टाचेकडून चवड्याकडे उभे वळले तर पहिली अढी उलट घाला.

सहा जोड्या भोकांच्या बुटाला लेस लागते साधारण ११४ सेंटिमीटर. इथल्या काउंटी कौन्सिलने २०१८ मध्ये पैसे संपल्यावर काढलेली नोटीसही कलम ११४चीच. निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. गोऱ्यांचीही नाडी तुटते, बरं का.

तेव्हा शब्द नाही म्हणू नका. फक्त ती म्हण जिभेवर यायला अंथरूण आखूड असावं लागतं. इथल्या किंग-साइज ड्युवेटखाली, म्हणजे जाडजूड रजईखाली, ती कोणाला सुचणार? मलाही आठवायला तुमचा वाद लागला.