अण्णांची तपासणी

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस इमारत बघत नाही, तपासतो. माझे सासरे, अण्णा, पोलंडला आमच्याकडे राहायला आले आणि हिने परस्पर ठरवून टाकलं, "शनिवारी अण्णांना ते वास्तुकलेचं संग्रहालय दाखवून आणा. त्यांचाच विषय आहे." तीच तर भीती होती.

व्रोत्सवाफचं हे संग्रहालय बर्नार्डाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या जुन्या मठात आहे. पंधराव्या शतकातलं विटांचं काम, उंच कमानी, मधे बाग आणि भोवती ओवऱ्या. मी कौतुकाने कमान दाखवली. अण्णांनी भिंतीवर टकटक केली.

"प्लास्टर राहिलंय."

"अण्णा, ती शैलीच आहे."

"जावईबापू, बिल काढायच्या वेळी सगळे हेच सांगतात."

इथल्या संग्रहालयांत दालनादालनांत खुर्चीवर एकेक आजीबाई राखणीला असतात. टकटक ऐकून आमच्या वाट्याच्या आजीबाई उठल्या आणि मागे लागल्या. अण्णांना वाटलं, सोबत कनिष्ठ अभियंता दिलाय. ते सातारी मराठीत सूचना देत राहिले, त्या "प्रोशे, प्रोशे" (पोलिशमधलं 'कृपया') म्हणत त्यांचा हात भिंतीवरून काढत राहिल्या. दोघांचं माझ्यापेक्षा बरं जमलं.

शहराबाहेर ओल्बिनला बाराव्या शतकातला एक मोठा मठ होता. त्यातले उरलेले कोरीव दगड इथे ठेवलेत. तुर्क येऊन तिथे तळ ठोकतील, या धास्तीने १५२९ साली शहराने तो स्वतःच पाडून टाकला. तुर्क व्हिएन्नाहूनच परत गेले. हा केवढा दैवदुर्विलास, असं मी म्हणणार, तोच अण्णांनी विचारलं, "पाडकामाचं टेंडर कुणाला सुटलं होतं?"

माझ्या पोटऱ्या एव्हाना दगड झाल्या होत्या. आवरतं घ्यावं म्हणून मी भराभर सांगितलं, की १९४५च्या वेढ्यात इथे बरीच पडझड झाली, मग डागडुजी केली, १९६५ साली संग्रहालयाची स्थापना झाली. अण्णांचा चेहरा उजळला.

"म्हणजे जुनं काम कुठलं, नवं कुठलं, शोधता येईल!"

आणि विटांच्या दरजा न्याहाळत ते पहिल्या ओवरीपासून पुन्हा सुरू झाले. आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बागेकडे पाहिलं.

संग्रहालयाजवळच पोलिश आणि रशियन सैन्यांत झालेल्या रात्सवावित्सेच्या लढाईचं ११४ मीटर लांबीचं गोलाकार चित्र आहे. बाहेर पडल्यावर अण्णांनी त्याचा मीटरमागे दर विचारला. तिथे मात्र अर्ध्या अर्ध्या तासाच्या ठरलेल्या वेळा असतात आणि वेळ संपली की सगळ्यांना बाहेर काढतात. ती तिकिटं मी धावत जाऊन काढली.