पांढऱ्यावर पांढरं

रद्दीवाल्याने पेपर मोजले, दिवाळी अंकांचा गठ्ठा गुडघ्याने दाबून तराजूत बसवला, एकशे अठरा रुपये माझ्या हातावर ठेवले आणि नुसत्या हनुवटीने फाटकाकडे खूण करत विचारलं, "आणि त्ये?"

फाटकाच्या आत आमची मारुती ८०० उभी होती.

"ती चालू गाडी आहे," मी म्हणालो.

"चालू हाय?" त्याच्या आवाजात कुत्सितपणा असता तर मी भांडलो असतो. पण होतं ते निखळ आश्चर्य. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टपावर टिचकी मारली आणि म्हणाला, "साडेसहाशे किलो भरंल. अठरा हजार रोख देतो, सर. उचलून न्यायचा खर्च माझा."

गोष्ट २०२२ च्या जूनमधली. गाडी ऑगस्ट २००२ ची. आबा रिटायर झाले तेव्हा फंडातून सव्वादोन लाख काढून त्यांनी ती घेतली. पहिली चक्कर अंबाबाईला, दुसरी जोतिबाला आणि तिसरी धाकट्या आत्याच्या घरी, कारण तिच्या मालकांकडे तेव्हा स्कूटर होती. रंग पांढरा. कंपनीच्या भाषेत ‘सुपीरिअर व्हाइट’. वीस वर्षांत त्यातलं सुपीरिअर गेलं होतं आणि व्हाइटबद्दल दुमत होतं. टप आणि बॉनेट उन्हाने इतकं भाजलं होतं की हात फिरवला तर तळव्याला पांढरी पूड यायची. मी पेशाने शिक्षक. दिवसभर बोटांना खडू असतोच. शाळा सुटल्यावर गाडीला टेकून कुणाशी बोललो की पँटलाही. आठवीच्या पोरांना माझ्या पँटीवरून कळायचं, की सर आज गाडीच्या कुठल्या बाजूला टेकले होते.

बाकीचं काम पंचगंगेने केलं होतं. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीच्या सखल भागात राहतो. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाढे नसले तरी दोन आकडे पाठ असतात : राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी दोन्ही आकडे मागे टाकून आमच्या फाटकात आली आणि मारुतीच्या अर्ध्या दारापर्यंत चढून चार दिवस राहिली. २०२१ ला पुन्हा आली. या वेळी ओळखीची असल्यासारखी सरळ आत. पाणी उतरल्यावर गाडी धुतली, सीटा उन्हात घातल्या, इंजिन देवाच्या कृपेने आणि एका मेकॅनिकच्या उधारीने चालू झालं. पत्र्याकडे कुणी बघितलं नाही. त्यानंतर चाकांच्या कमानीवर, दारांच्या खालच्या कडेला रंगाला पुटकुळ्या आल्या. एक फोडली की आतून तपकिरी भुगा. मागच्या काचेच्या रबरात तर एक नाजूक हिरवं रोप आलं होतं. बायको म्हणाली, राहू दे, छान दिसतंय.

तरीही मी रंगाचा विचार केला नसता. पण २०२२ च्या ऑगस्टला फेरनोंदणी होती, आणि स्टाफरूममध्ये एकाने छातीठोकपणे सांगितलं, "असल्या अवतारात नेलीस तर इन्स्पेक्टर नापास करणार." नापास हा शब्द शिक्षकाला कुठे लागतो ते शिक्षकालाच ठाऊक.

आता पैशाचं बघू. जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ६०० ची ५,००० झाली होती. पर्यावरण कर वेगळा, थर्ड पार्टी विमा वेगळा, एक टायर तर गुळगुळीतच होता. आमची शाळा वीस टक्के अनुदानावर. म्हणजे सरकार पगाराचा पाचवा हिस्सा देतं आणि उरलेले चार हिस्से आपण आशेवर काढायचे. सगळं वजा जाता पाकिटात ९,००० रुपये उरले. पाकिटावर मी ‘रंग’ असं लिहून ठेवलं.

बायकोने ते वाचलं. "अहो, हॉलच्या भिंतीवर पुराची रेघ अजून तशीच आहे. आधी माणसांचा हॉल की आधी गाडी?"

"हॉलची फेरनोंदणी नसते," मी म्हणालो. त्या दिवशी जेवणात पिठलं होतं. आदल्या दिवशीही पिठलंच होतं.

पहिल्यांदा मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो, जिथे रंगासाठी काचेची खोली असते आणि गाडी आत घालून दार लावून घेतात. काउंटरवरच्या मुलाने नाव विचारलं, मॉडेल विचारलं आणि मग विचारलं, "विम्याचा क्लेम आहे ना, सर?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तरी त्याने छापील एस्टिमेट दिलं. अडतीस हजार, अधिक जीएसटी. मी तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. रद्दीत जाईल.

दुसरा मुक्काम उद्यमनगर. लेथच्या खडखडाटातून वाट काढत एका मिस्त्रींकडे गेलो. आमच्या मेकॅनिकने नाव सुचवलं होतं. हे मिस्त्री माणसाशी कमी आणि पत्र्याशी जास्त बोलतात. खिशातून जुन्या स्पीकरचा चुंबक काढून त्यांनी तो फडक्यात गुंडाळला आणि गाडीवर ठिकठिकाणी टेकवत निघाले. चिकटला की "हं." घसरला की "अरारा."

"मिस्त्री, हे काय?"

"खाली पत्रा हाय का पुट्टी, त्ये बघायलोय, सर. पुट्टीवर लोहचुंबक बसत न्हाई. वरनं रंग मारायला कायबी मारता येतंय. पण खाली गंज ठेवून रंग मारला तर दिवाळीपतोर ऱ्हाईल. मग परत फोडं."

मग त्यांनी जे समजावलं त्यातून मला एवढं कळलं. साधा पांढरा असल्यामुळे माझं नशीब चांगलं. मेटॅलिक असता तर वर लॅकरचा वेगळा हात आला असता आणि खर्च वाढला असता. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज पेंट स्वस्त, पण चमक लवकर उतरते, पॉलिश करत बसावं लागतं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, महाग, पण टिकतो. पूर्ण गाडी एनसीमध्ये अठरा हजार, पीयूमध्ये अठ्ठावीस. "आन् पत्राकाम वायलं. त्ये खरवडल्याबिगर सांगता येणार न्हाई."

अठरा हजार! हा आकडा मी नुकताच कुठेतरी ऐकला होता. म्हणजे गाडी भंगारात दिली तर तिला रंग लावण्याइतके पैसे बरोबर हातात येत होते. फक्त रंग लावायला गाडी नसती.

तिसरा एक जण रस्त्याकडेला झाडाखाली काम करायचा. त्याने आठ हजार सांगितले, पुट्टीसकट, दोन दिवसांत. मी पाकीट काढणारच होतो. तेवढ्यात त्याने नुकत्याच रंगवलेल्या एका रिक्षाकडे नजर गेली. टपावर ओल्या रंगात एक माशी सहाही पाय पसरून कायमची बसली होती, आणि तिच्याही अंगावर एक हात मारलेला होता.

दरम्यान गल्लीत बातमी पसरली होती, आणि कोल्हापुरात सल्ल्याला जीएसटी नाही. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, काळा मारा, भारदस्त दिसते. मी सांगितलं, रंग बदलला की आरसी बुकातही बदलून घ्यावा लागतो. शिवाय दारं उघडली की आतला पांढरा दिसणार, म्हणजे आतूनही मारणं आलं. "मग दारं उघडायचीच कशाला?" ते म्हणाले. मेव्हण्याचं मत, स्टिकर लाव, गाडी झाकून जाते. शेजारच्या पैलवानाने भगवा सुचवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून "न्हाई, नुसता पट्टा," अशी सवलत दिली. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आहे तशीच ठेवा आणि व्हिंटेज म्हणा." आबांना कुणी विचारलं नव्हतं. ते व्हरांड्यातल्या खुर्चीतून एकदाच म्हणाले, "पांढरा."

एका रविवारी मी अंगमेहनतीचा मार्ग धरला. दीडशे रुपयांचा रबिंग कंपाउंडचा डबा आणि बनियनची फडकी घेऊन बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पाच मिनिटांत फडकं पांढरंफटक. म्हणजे मेलेला रंग निघतोय, हे मिस्त्रींकडून समजलं होतं, त्यामुळे उत्साह वाढला. आणि खरंच, खालून चक्क रंग आला! त्यात मला माझं तोंड दिसलं, घामेजलेलं. तासाभरात अर्धं बॉनेट झालं आणि माझा उजवा खांदा संपला. सोमवारी फळ्यावर मी खांद्याच्या वर लिहू शकलो नाही. अर्धं चकचकीत, अर्धं खडूचं, असं बॉनेट घेऊन मी तीन आठवडे शाळेत गेलो. पोरांनी त्याला ‘धुण्याआधी, धुतल्यानंतर’ असं नाव दिलं.

उरलेलं काय ते निदान माहीत तरी असावं म्हणून मी मिस्त्रींची पद्धत घरी वापरली. फ्रिजवरचा गोव्याहून आणलेला माशाच्या आकाराचा चुंबक घेतला आणि गाडीवर फिरवला. उजवी बाजू चिकटला. टप चिकटला. डावं पुढचं दार चिकटला. डाव्या मागच्या दारावर मासा सुळकन घसरला आणि खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मला दरदरून घाम फुटला. कारण ते दार मीच फाटकाच्या खांबावर घातलं होतं. तेव्हा आबा काशीयात्रेला गेले होते, आणि ते परत यायच्या आत मी पुट्टी भरून, रंग मारून, दोन दिवसांत सगळं निस्तरलं होतं.

"२००८," व्हरांड्यातून आवाज आला. "मे महिना."

"आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"दाराचा आवाज बदलला होता," आबा म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

निर्णय त्याच क्षणी झाला. पूर्ण गाडीला अनुदान नाही, टप्पा अनुदान. या वर्षी वीस टक्के. डावं मागचं दार, मन लावून, पीयूमध्ये. चाकांच्या कमानींवरचा गंज खरवडून नुसता इपॉक्सी प्रायमर, म्हणजे पुढे सरकणार नाही. पुढच्या वर्षी पुढचा टप्पा, शासन निर्णय होईल तसा. मिस्त्रींनी साडेआठ हजार सांगितले आणि "एकच दार?" असं तीनदा विचारलं.

दार उघडं केलं तेव्हा मी तिथेच होतो. आतलं पॅड काढल्यावर मिस्त्रींनी खालच्या कडेला बोट दाखवलं. दाराच्या तळाशी पाणी निचरायला बारीक भोकं असतात. ती सगळी बुजली होती. त्यांनी एका भोकात स्क्रूड्रायव्हर घातला, फिरवला, आणि ओंजळभर सुकलेला गाळ भसकन त्यांच्या चपलेवर पडला. काळाभोर, मऊ, कोवळ्या उसाच्या शेतातला असतो तसला. तीन वर्षं तो दारात बसून पत्रा खात होता.

"पंचगंगा," मिस्त्री म्हणाले आणि चप्पल झाडली.

मग आठ दिवस रोज शाळा सुटल्यावर मी उद्यमनगरला जायचो. खालचा सडका पत्रा कापून नवा तुकडा जोडला. जुनी पुट्टी काढली, माझ्या २००८ च्या पापासकट. प्रायमर, पातळ पुट्टी, वॉटर पेपर, पुन्हा पुट्टी, पुन्हा पेपर. त्यांचा पोऱ्या पाण्यात पेपर बुडवून तळव्याने इतका हळू घासायचा, की मला आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाची आठवण व्हायची, फक्त हा काम करत होता. मध्ये जुलैचा पाऊस. मिस्त्री हात बांधून आभाळाकडे बघत बसले. "दमट हवंत नको, सर. रंग पांढरा पडतोय."

"पांढराच तर द्यायचाय!"

ते हसले नाहीत. पण तीन दिवस थांबून, आडोसा करून, उघडीप बघूनच त्यांनी गन हातात घेतली. त्याआधी डब्याच्या झाकणावर पाच वेळा रंग मारून गाडीशी लावून पाहिला होता. पाचही वेळा वेगळा. "कंपनीचा नंबर हाच," ते म्हणाले, "पण तुमची गाडी आता त्या नंबरावर ऱ्हायली न्हाई."

आणि दार झालं. असं झालं की काय सांगू. त्यात समोरच्या टपरीवरची पाटी वाचता येत होती, उलटी. मी दोन पावलं मागे आलो, पूर्ण गाडीकडे बघितलं आणि पोटात खड्डा पडला. सकाळपर्यंत जिला सगळे पांढरी गाडी म्हणत होते, ती पिवळी होती. साजूक तुपासारखी. एवढ्याशा दाराने बाकीच्या गाडीचं वय जगाला सांगून टाकलं होतं. घरी आल्यावर काकांनी वरूनच विचारलं, "दुसऱ्या गाडीचं दार बसवलंय काय?"

ऑगस्टमध्ये आरटीओत नेली. इन्स्पेक्टरनी लाइट लावायला सांगितले, ब्रेक मारायला सांगितला, हॉर्न ऐकला, चॅसिस नंबर कागदावर घेतलेला ठसा ताडून पाहिला. रंगाबद्दल एक शब्द नाही. मी शेवटी न राहवून म्हणालो, "साहेब, दार नवीन रंगवलंय."

"कुठलं?" ते म्हणाले. आणि पुढच्या गाडीकडे गेले.

पाच वर्षांची मुदत मिळाली. आबा आता गाडीत बसताना पुढे बसत नाहीत. वळसा घालून डाव्या मागच्या दाराने चढतात, ते स्वतः लावतात, आवाज ऐकतात, मग म्हणतात, "चल."

दिवाळीच्या आधी रद्दीवाला आला. पेपर मोजले, पैसे दिले. मग हातगाडी तशीच सोडून तो मारुतीपाशी गेला, नव्या दारासमोर उकिडवा बसला, त्यात बघून केसांवरून हात फिरवला आणि उठून माझ्याकडे आला.

"सर, असं करा," तो म्हणाला, "दार तुमच्याकडं ठेवा. बाकीचं न्हेतो."