पालकांनी पालक निवडताना

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या कॅन्टीन समितीवर माझी निवड झाली. निवड कसली, सभेत जरा जास्त बोलले त्याची शिक्षा. 'पोरांच्या ताटात जवळच्या शेतातली ताजी भाजी यायलाच हवी,' असं ठासून म्हणाले होते. टाळ्या पडल्या, ठराव पाच मिनिटांत मंजूर. समितीवर पालक निवडायला अजिबात वेळ लागला नाही. वेळ गेला तो पुढच्या सोमवारी, पालक निवडायला.

साडेआठला दोन गोण्या आल्या. पहाटे काढलेला पालक, मुळांना ओली माती, पानं अशी टवटवीत की मी आधी फोटो काढला. स्वयंपाकघरातल्या मावशींनी एक जुडी उचलली, उलटी करून झटकली आणि ओट्यावर मातीचा सडा पडला. "भाजी झकास आहे हो ताई," त्या म्हणाल्या, "पण बारा वाजता साडेतीनशे पोरं बसणार. निवडणार कोण?"

तोवर पालक यायचा तो धुऊन, चिरून, पिशवीत. स्वयंपाकघरात माणसं दोन आणि सिंक एक, कारण त्याहून जास्त लागतच नव्हतं. त्या दिवशी मी आणि आणखी दोघी आया पदर खोचून बसलो. पहिलं पाणी चॉकलेटी, दुसरं गढूळ, तिसऱ्याला वाटलं जमलं. नव्हतं जमलं. जेवण पंचवीस मिनिटं उशिरा लागलं आणि पहिल्याच घासाला दाताखाली कचकचलं. "आज वाळूची भाजी आहे," असं तिसरीतल्या एका पठ्ठ्याने जाहीर केलं. मग काय, अख्ख्या रांगेने ताटं सरकवली.

ही पोस्ट त्या वाळूवर आहे. कारण 'शाळेत स्थानिक भाजी' म्हटलं की आपण शेतकऱ्याचा हसरा फोटो लावतो, शेताची सहल काढतो, परसबागेत चार वाफे करतो आणि काम झालं असं समजतो. परसबागेला माझा विरोध नाही. अमेरिकेत बर्कलीच्या एका सरकारी शाळेत तिथल्याच नावाजलेल्या शेफ ॲलिस वॉटर्स यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली बाग जगभर गाजली, ती उगाच नाही. स्वतः लावलेलं गाजर मूल खातं, हे मीही पाहिलंय. पण बागेतल्या गाजरांवर साडेतीनशे मुलांचं रोजचं जेवण होत नाही. ते होतं कंत्राटावर.

आणि कंत्राट कसं लिहिलेलं असतं ते मी त्यानंतर वाचलं. आमच्या कागदात भाजीची जाडी होती, वजन होतं, रोज किती वाजता गाडी लागली पाहिजे ते होतं. भाजी काढून किती दिवस झालेले चालतील, याबद्दल एक ओळ नाही! सगळ्यात कमी दर भरेल त्याला काम. बिल निघणार दोन-तीन महिन्यांनी. आता सांगा, दोन एकरांचा शेतकरी यात कुठे बसतो? मोठा पुरवठादार तीन महिने पैसे अडकवून ठेवू शकतो, एका गाडीत बटाट्यापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं आणतो, एका शेतात गारपीट झाली तर दुसरीकडून माल उचलतो. तो वाईट माणूस नाही. कागदच त्याच्या मापाने शिवलेला आहे.

हा कागद बदलता येतो, हे ब्राझीलने दाखवलं. तिथे २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग छोट्या, कुटुंबाने शेती करणाऱ्यांकडून थेट खरेदीसाठी बांधून टाकला. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट टक्क्यांची नाही. नेहमीचं टेंडर बाजूला ठेवून शाळा जाहीर आवाहन काढते आणि त्यात भाव आधीच लिहिलेला असतो, बाजारभावाला धरून. म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांचे दर पाडत बसायचं नाही. जवळच्याला प्राधान्य. आणि कायदा भाबडाही नाही: बिल देता येत नसेल, पुरवठा नियमित होणार नसेल किंवा स्वच्छतेची खात्री नसेल, तर ही अट सोडून देण्याची सोय त्यातच आहे. (वाळूचं कलम तिथेही लागलं असतं, असं मला वाटतं.)

उलट फ्रान्सची गंमत बघा. तिथल्या २०१८ च्या कायद्याने सार्वजनिक कॅन्टीनमध्ये निम्मा माल दर्जेदार, टिकाऊ पद्धतीचा हवा आणि एकूण मालातला किमान २० टक्के सेंद्रिय हवा, असं २०२२ पासून बंधनकारक केलं. पण नुसतं 'स्थानिक' असणं या निम्म्यात धरलं जात नाही. सरकारी खरेदीत गावाच्या नावावर कुणाला झुकतं माप देणं युरोपच्या नियमांत बसत नाही. मग हुशार लोक काय करतात, तर गावाचं नाव न घेता अट घालतात: काढणीपासून इतक्या तासांत पोहोच, अमुक वाण, हंगामाप्रमाणे मेनू. अट ताजेपणाची, पण दूरच्या ट्रकला ती आपोआप जड जाते. अमेरिकेत २००८ पासून शाळांना टेंडर तपासताना जवळच्या मालाला गुण जास्त देता येत होते, पण 'स्थानिकच हवं' अशी सरळ अट घालायला २०२४ उजाडलं.

आता थोडं स्वतःच्याच बाजूविरुद्ध. 'जवळची भाजी म्हणजे प्रदूषण कमी' हे मी सभेत ठोकून दिलं होतं आणि ते फारसं टिकत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या अन्नाचा हिशोब मांडला, त्यात एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा निघाला साधारण ११ टक्के. बाकी बहुतेक सगळं पिकवण्यातच. ताटात काय आहे याने जास्त फरक पडतो, ते किती लांबून आलं याने कमी. तसंच 'स्थानिक म्हणजे पौष्टिक' हेही आंधळेपणाने म्हणू नये. चार दिवस उकाड्यात पडलेल्या जवळच्या पालकापेक्षा काढल्याबरोबर गोठवलेला लांबचा पालक बरा, कारण पालेभाजीतलं क जीवनसत्त्व उष्णतेत भराभर जातं.

मग मी अजून हट्ट का धरते? चवीसाठी. लांब जाणारा टोमॅटो हिरवा असतानाच तोडतात, नाहीतर वाटेत त्याचा लगदा होईल. वेलीवर पिकलेला टोमॅटो ज्या मुलाने कधी खाल्लाच नाही, ते 'मला टोमॅटो आवडत नाही' म्हणतं तेव्हा ते खोटं नसतं. आणि दुसरं कारण शेतकऱ्याचं. शाळा हे असं गिऱ्हाईक आहे की ज्याला वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत असतं, कोणत्या दिवशी किती तोंडं जेवणार. एवढी खात्री बाजार कधी देतो? फक्त सुट्ट्यांचं वेळापत्रक पेरणीच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पडलं पाहिजे. आमच्याकडे ते पडलं नाही. परीक्षेनंतर शाळा बंद झाली आणि त्याच आठवड्यात त्या दादांच्या काकड्या भरात आल्या. त्यांचा फोन मला आला. काय बोलावं सुचेना.

जपानमध्ये शाळेच्या जेवणाचा कायदा १९५४ चा आहे आणि २००५ पासून तिथे पोषण-शिक्षक नावाचं स्वतंत्र पदच आहे. मेनू, परिसरातला माल आणि वर्गातला धडा या तिन्हींचा मेळ घालणं हे त्या माणसाचं पगारी काम. पगारी, हे अधोरेखित करते. आमच्याकडे ते काम मी करते, ऑफिसातून चोरून फोन करत.

या वर्षी जरा सुधारलंय. तिघा शेतकऱ्यांनी मिळून एकच गाडी करायचं ठरवलं. पालक आता मुळं कापून, एकदा पाण्यातून काढून येतो आणि त्या जादा कामाचे पैसे दरात धरलेत. बिल पंधरा दिवसांत काढायचं, हे मुख्याध्यापिकांकडून लेखी घेतलं. मेनूत 'पालक' ऐवजी 'पालेभाजी' असं लिहिलं. एवढ्या एका शब्दाने केवढी सुटका झाली म्हणून सांगू! शेतात जी असेल ती चालते.

गुरुवारच्या सभेत विषय आहे दुसरं सिंक आणि सकाळच्या तीन तासांसाठी आणखी एक बाई. अजेंडा वाचून एका समिती सदस्यांनी ग्रुपवर विचारलंय, "याचा स्थानिक भाजीशी संबंध काय?" मी उत्तर टाइप करून खोडलं. मावशींनाच सभेला बोलावलंय.