हनोईत अध्यक्ष व्हायचंय? मग सहायक जपून नेमा

राजकारणात पडायचंच असेल तर आमदारकीच्या मागे कशाला लागता? सरळ व्हिएतनामच्या राष्ट्रीय सभेचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, अध्यक्षपद मनात धरा. सत्ता एकट्या कम्युनिस्ट पक्षाची, विरोधी पक्षच नाही, त्यामुळे सभात्याग नाही, आसनासमोर घोषणा नाहीत, कागद फाडून भिरकावणं नाही. या सभेचे तेव्हाचे अध्यक्ष वुओंग दिन्ह ह्वे डिसेंबर 2021 मध्ये दिल्लीला येऊन आपल्या लोकसभा अध्यक्षांना भेटून गेले. त्या भेटीत कोणाला कोणाचा हेवा वाटला असेल, ते तुम्हीच ठरवा.

तर ह्वे यांचाच कित्ता गिरवू. 1957 साली न्घे आन प्रांतात जन्म घ्या. व्हिएतनामचे संस्थापक नेते हो चि मिन्ह तिथलेच. आधीच दुसरीकडे जन्मला असाल तर हे कलम सोडून द्या. मग वित्त शिका, ब्रातिस्लाव्हात डॉक्टरेट करा, हनोईत प्राध्यापकी करा. 2006 मध्ये देशाचे महालेखापरीक्षक व्हा आणि पाच वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासा. पुढे अर्थमंत्री, उपपंतप्रधान, हनोईचे पक्षसचिव. यात मतदार कुठे आला, असलं काही विचारू नका. प्रगती खुंटते.

मतदार येतो, पण त्याच्या वेळेला. ह्वे अध्यक्ष झाले 31 मार्च 2021 ला आणि सार्वत्रिक निवडणूक झाली 23 मे रोजी. आधी खुर्ची, मग मतदान! जुलैत नव्या सभेनं त्यांनाच पुन्हा निवडलं. त्या निवडणुकीत 500 जागांना 868 उमेदवार होते, तेही पक्षाच्याच छत्राखालच्या ‘पितृभूमी आघाडी’च्या चाळणीतून खाली आलेले. पक्षाबाहेरचे 14 जण निवडून आले. लोकशाही नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडावर हा आकडा फेकावा.

आता जरा सांभाळून. पक्षाचे तेव्हाचे सरचिटणीस न्गुयेन फू चोंग यांनी भ्रष्टाचाराविरुद्ध ‘धगधगती भट्टी’ पेटवली होती. तेही एकेकाळी याच खुर्चीत बसलेले, म्हणजे भट्टीवालाही घरचाच. जानेवारी 2023 मध्ये एका राष्ट्राध्यक्षांची खुर्ची गेली, मार्च 2024 मध्ये दुसऱ्यांची. दोघे जात्यात गेल्यावर सुपातल्यानं फार हसू नये. एप्रिलमध्ये ह्वे बीजिंगला जाऊन शी जिनपिंगना भेटून आले आणि दहा-बारा दिवसांत त्यांच्या सहायकाला अटक झाली. आरोप: पदाचा प्रभाव वापरून स्वतःचा फायदा. देशाचं लेखापरीक्षण करताना आपल्याच दालनाबाहेरचं टेबलही तपासणीत धरावं, ही सूचना कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसते.

अशा वेळी वाद घालू नका, राजीनाम्याचा अर्ज द्या. 26 एप्रिलला पक्षानं तो मंजूर केला, 2 मे रोजी सभेनं पदमुक्त केलं. कारणही छान मोघम: पक्ष सदस्यांनी काय करू नये याच्या नियमांचा भंग. त्या नियमावलीत 19 गोष्टी आहेत. नेमकी कुठली मोडली ते जनतेला सांगायची पद्धत नाही. उगाच पाठांतराचा बोजा नको. नोव्हेंबरमध्ये पक्षानं ‘ताकीद’ही दिली. खुर्ची जाऊन सहा महिने झाले होते, पण कागद पूर्ण असलेला बरा, लेखापरीक्षकाला हे वेगळं सांगायला नको.

या खुर्चीसाठी अर्ज लिहायला बसला असाल तर थांबा. उपाध्यक्ष चान थान मान 20 मे 2024 लाच त्या जागेवर बसले. त्यांच्याकडे सहायकाची जागा असेल कदाचित.