'अमेरिका शंभर वर्षं जमीन विकून चालली, टॅक्स लागलाच नाही' या फॉरवर्डबद्दल

मार्च आला की हा फॉरवर्ड परत फिरायला लागतो. थोडक्यात म्हणणं असं की अमेरिकेने पहिली शंभर वर्षं लोकांकडून एक पैसा टॅक्स न घेता फक्त सरकारी जमीन नव्या वसाहतवाल्यांना विकून आणि भाड्याने देऊन देश चालवला, त्याच पैशातून १८३५ साली सगळं कर्ज फेडलं, जमीन ओसाड पडलेली फुकटची होती, गरीब शेतकरी मालक झाले आणि सरकार मालामाल झालं. आणि मग शेवटी ठरलेलं वाक्य, आपल्याकडे डिफेन्सची एवढी जमीन पडून आहे ती विका आणि इनकम टॅक्स बंद करा. ऐकायला भारी वाटतं, मलाही टॅक्स भरायची हौस नाहीये, पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य एकतर चुकीचं आहे नाहीतर अर्धवट.

पहिलं म्हणजे "टॅक्स नव्हता". इनकम टॅक्स नव्हता हे बऱ्याच अंशी खरं, पण तेही पूर्ण शंभर वर्षं नाही, यादवी युद्धाच्या वेळी १८६२ पासून तो लावला होता आणि १८७२ पर्यंत चालला. त्याआधी देश चालत होता तो कस्टम ड्यूटीवर, म्हणजे बाहेरून येणारं कापड, लोखंड, साखर, चहा यांच्यावरच्या आयात करावर. तो कर व्यापारी भरायचा आणि वसूल गिऱ्हाईकाकडून व्हायचा, त्यामुळे शेतकऱ्याला पावती दिसत नव्हती एवढंच. दिसत नव्हता म्हणून खुपत नव्हता असंही नाही, याच ड्यूटीवरून १८३२ मध्ये साउथ कॅरोलिना राज्याने हा कायदा आम्हाला लागू नाही असं जाहीर केलं होतं आणि प्रकरण सैन्य पाठवायच्या धमकीपर्यंत गेलं. देशी दारूवरच्या करावरून १७९४ मध्ये पेनसिल्व्हेनियात उठाव झाला होता तो वेगळाच. जमिनीच्या विक्रीचा वाटा १८२० च्या दशकात बहुतेक वर्षी एकूण महसुलाच्या दहा टक्क्यांच्याही खाली होता. कस्टमपेक्षा जमिनीचा पैसा जास्त आला असं वर्ष एकच, १८३६. तेव्हा जमिनीतून सुमारे २ कोटी ४९ लाख डॉलर आले आणि कस्टममधून २ कोटी ३४ लाख. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुतेक हे एक वर्ष उचललं आणि त्याची शंभर केली.

दुसरा मुद्दा कर्जाचा. जानेवारी १८३५ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय कर्ज शून्य झालं हे खरंच आहे, अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष होता. पण तारीख बघा. जमीन विक्रीची खरी तेजी आली ती १८३५ आणि १८३६ मध्ये, म्हणजे कर्ज फिटल्यानंतर! १८१६ च्या आसपास जवळपास १२ कोटी ७० लाख डॉलरचं कर्ज होतं, ते वीसेक वर्षांत मुख्यतः कस्टमच्या शिलकीतून फिटत गेलं, जमिनीने हातभार लावला एवढंच म्हणता येईल.

आणि ती तेजी कशी होती ते फॉरवर्डवाले कधीच सांगत नाहीत, खरी गंमत तर तिथेच आहे. १८३३ पासून जॅक्सनने सरकारी पैसा मध्यवर्ती बँकेत ठेवणं बंद करून आपल्या पसंतीच्या राज्यातल्या बँकांमध्ये ठेवायला सुरुवात केली. मग व्हायचं काय, तर सट्टेवाला बँकेकडून कर्ज म्हणून त्या बँकेच्याच छापील नोटा घ्यायचा, त्या लँड ऑफिसमध्ये (सरकारी जमीन विकणारी कचेरी) भरून एकरी सव्वा डॉलरने जमीन उचलायचा, लँड ऑफिसवाला ते पैसे सरकारच्या नावाने बऱ्याचदा त्याच नाहीतर शेजारच्या बँकेत जमा करायचा, आणि बँक त्याच ठेवीच्या जोरावर पुढच्याला कर्ज द्यायची. कागद गोल गोल फिरतोय आणि प्रत्येक फेरीला सरकारच्या वहीत 'महसूल' म्हणून नोंद होतीये. १८३६ मध्ये अशी सुमारे दोन कोटी एकर जमीन विकली गेली. आपल्याकडे एनए नसलेल्या प्लॉटिंगचे बोर्ड लागायला लागले की वातावरण कसं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायची गरज नाही. शेवटी जॅक्सनलाच भीती वाटली आणि जुलै १८३६ मध्ये त्याने हुकूम काढला की आता जमिनीचे पैसे सोन्याचांदीतच भरा (प्रत्यक्ष राहायला येणाऱ्यांना थोडे महिने सूट होती). त्याच सुमारास काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) ठरवलं की तिजोरीत शिल्लक खूप झालीये तर राज्यांना चार हप्त्यांत वाटून टाकू. तीन हप्ते गेले, साधारण २ कोटी ८० लाख डॉलर. चौथा गेलाच नाही, कारण मे १८३७ मध्ये बँकांनी नोटेच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं, जमिनीचं उत्पन्न ७० लाखांच्या खाली आलं, आणि आदल्या वर्षी पैसे वाटायला निघालेल्या सरकारला ऑक्टोबरमध्ये खर्चासाठी ट्रेझरी नोटा काढून उसने पैसे घ्यावे लागले. तेव्हा कर्जमुक्त देश वगैरे जे काही होतं ते तीन वर्षंसुद्धा टिकलं नाही.

तिसरं, "ओसाड, फुकटची जमीन". ओसाड कुठली, तिथे लोक राहत होते, शेती करत होते. १८३० च्या इंडियन रिमूव्हल कायद्यानंतर चोक्टॉ, क्रीक, चेरोकी, चिकसॉ या तिथल्या मूळ रहिवासी टोळ्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकललं गेलं, एकट्या चेरोकींचे त्या प्रवासात अंदाजे चार हजार माणसं मेली असं मानतात. ज्या वर्षांच्या महसुलाचं कौतुक चाललंय त्यात मिसिसिपी आणि अलाबामातली हीच रिकामी करून घेतलेली कापसाची जमीन मोठ्या प्रमाणात होती. चिकसॉंचं तर वाचून डोकं फिरतं. १८३२ च्या करारात त्यांच्या साठ लाखांहून जास्त एकर जमिनीच्या विक्रीचे पैसे त्यांनाच द्यायचे ठरलं होतं, पण त्यातून मोजणीचा खर्च कापायचा, विक्रीचा खर्च कापायचा, आणि स्वतःला हाकलण्याचा प्रवासखर्चही त्यांनीच सोसायचा, वर १८३७ मध्ये पलीकडे राहायला जागा मिळावी म्हणून त्यांनाच चोक्टॉंना ५ लाख ३० हजार डॉलर द्यायला लागले.

फुकट म्हणाल तर तसंही नाही. लुईझियानाचा पट्टा १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला घेतला होता, शिवाय टोळ्यांशी केलेल्या करारांचे पैसे, मोजणी, लँड ऑफिसं, नोकरांचे पगार हे सगळं आलंच. १८८० मध्ये तिथल्या पब्लिक लँड कमिशनसाठी या सगळ्याचा हिशोब मांडला गेला तेव्हा जमिनीतून तोवर आलेले निव्वळ पैसे सुमारे २० कोटी डॉलर आणि जमीन मिळवणं, मोजणं, विकणं यावरचा खर्च सुमारे ३२ कोटी निघाला. म्हणजे धंदा म्हणून बघितलं तर चक्क तोट्यात!

भाड्याने देण्याचं तर विचारूच नका. १८०७ च्या कायद्याने शिशाच्या खाणी विकायच्या नाहीत, भाडेपट्ट्याने द्यायच्या असं ठरलं, इलिनॉयमधलं गॅलेना हे त्यातलं मोठं ठिकाण. खाणवाले सरकारचा हिस्सा चुकवायचे, कोणी पट्टाच घ्यायचं नाही, आणि १८४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोकने काँग्रेसला आकडे दिले ते असे, चार वर्षांत भाडं आलं सहा हजार डॉलरच्या वर थोडंसं, आणि वसूल करायला खर्च झाला सव्वीस हजार. पुढच्याच वर्षी त्या खाणींच्या जमिनी विकायचा कायदा झाला.

आता गरीब शेतकरी. १७९६ च्या कायद्यात कमीत कमी ६४० एकर घ्यायचे, एकरी किमान दोन डॉलर, म्हणजे १२८० डॉलर, तेव्हाच्या मजुराची काही वर्षांची कमाई. कोण घेणार? कंपन्या आणि सट्टेवाले. १८०० मध्ये हप्त्यांची सोय केली तर लोकांनी झेपणार नाही एवढं उचललं, १८१९ च्या मंदीनंतर सरकारचे दोन कोटी डॉलरहून जास्त अडकले आणि १८२० मध्ये उधारी बंदच करावी लागली, तेव्हा भाव सव्वा डॉलरवर आणि किमान ८० एकरावर आला. छोट्या शेतकऱ्याला खरी जमीन मिळाली ती १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, १६० एकर, पाच वर्षं राहून कसायची, फी धरून अठरा डॉलर. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच उदाहरण 'सरकारी कमाई' म्हणून दिलंय! अरे बाबांनो, ती जमीन सरकारने जवळपास फुकट वाटली, सत्तावीस कोटी एकरांच्या आसपास. पैसा हवा की वस्ती हवी यात तिथल्या सरकारने शेवटी वस्ती निवडली आणि पैशासाठी कस्टम आणि दारू-तंबाखूवरच्या करांकडे बघितलं.

राहिला आपला विषय. डिफेन्सची जमीन साधारण पावणे अठरा लाख एकर आहे. यात पुणे-खडकी-देवळालीची छावणी जशी आली तशी नगरची केके रेंज आणि राजस्थानच्या वाळवंटातल्या फायरिंग रेंजेसही आल्या. तरी दिलदारपणे धरू की सगळी विकली, सैन्य कुठे जाईल ते जाऊ दे, आणि सरसकट एकरी एक कोटी मिळाले. झाले पावणे अठरा लाख कोटी. २०२३-२४ मध्ये निव्वळ डायरेक्ट टॅक्स (म्हणजे मुख्यतः लोकांचा आणि कंपन्यांचा मिळून इनकम टॅक्स) जमा झाला १९.५८ लाख कोटी. म्हणजे सगळं विकून एक वर्षही निघत नाही, आणि पुढच्या मार्चला विकायला काय आणणार?

आणि ज्या अमेरिकेचा दाखला देताय तिथे २०२५ मध्ये युटाच्या एका सिनेटरने पश्चिमेकडच्या राज्यांतली वीस लाखांहून जास्त एकर सरकारी जमीन विकायचा प्रस्ताव बजेटच्या बिलात घातला होता. शिकारी, मासेमारीवाले, ट्रेकर सगळे तुटून पडले, मोंटानातले त्याच्याच पक्षाचे लोकसुद्धा विरोधात गेले, आणि जूनच्या शेवटी त्याने तो मुकाट मागे घेतला.