संस्कृतच्या वर्गाबाहेरचा विद्यार्थी

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून घरी फोन केला की वाद ठरलेला: भाषा किती जुनी, निधी किती मिळणार, केंद्र कुठे होणार. मला मात्र इथे जर्मनीतल्या बॉनमध्ये बसून वेगळंच विचारावंसं वाटतं. अभिजात भाषेच्या वर्गात बसायला मिळणार कुणाला?

बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये याच गावच्या विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना त्यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला संस्कृत शिकवायला शिक्षकांनी नकार दिला. अस्पृश्याच्या पोराला देववाणी कशी द्यायची! नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली. आणि इथे बॉनमध्ये त्याच्या कितीतरी आधी ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल हे जर्मन प्राध्यापक संस्कृत शिकवत होते. १८२३ मध्ये त्यांनी देवनागरीत गीता छापली, सोबत लॅटिन भाषांतर. ऱ्हाईनकाठच्या तरुणाला जे मिळत होतं, ते सुभेदार रामजींच्या मुलाला पाऊणशे वर्षांनंतरही मिळालं नाही. याचा मला आजही संताप येतो.

शाळेने नाकारलं तरी घरात शिक्षण चालूच होतं. रामजी कबीरपंथी. मुलांना अभंग-दोहे पाठ, रामायण-महाभारताचं वाचन रोजचं. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. पुढे शूद्रांच्या उत्पत्तीवर लिहिताना बाबासाहेबांनी प्राचीन ग्रंथ मुख्यतः भाषांतरांतून अभ्यासले. एवढ्या मोठ्या राजकीय चिंतकाला आपल्याच देशातले ग्रंथ असे वळसा घालून गाठावे लागले, हे नुकसान आपलं आहे.

जर्मनीचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. इथेही चौथीनंतर, दहाव्या वर्षीच, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. लॅटिन बहुतेक गिम्नाझियममध्येच, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, आणि तिथे शिकल्यासवरल्या घरांतली मुलं जास्त. पण जन्माकडे बोट दाखवून लॅटिनच्या शिक्षकाने मुलाला दारातून परत पाठवलं, तर कायदा त्याला सोडणार नाही.

आपल्याकडेही संविधानाने ते दार उघडलं, तेही बाबासाहेबांच्याच हातून. तरी दहावीचं संस्कृत अजून गुण वाढवायचा विषय म्हणूनच घेतलं जातं. म्हणून अभिजात मराठीच्या निधीतला पहिला रुपया मला जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या वर्गांत खर्च झालेला हवा: लीळाचरित्र, चोखोबा, सोयराबाई शिकवू शकणारे शिक्षक आधी तिथे नेमा. भवनं नंतर बांधा.