सावकाश बोला, पण मराठीत

शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिल 2025मध्ये निघाला, जूनअखेर मागे घेतला गेला, पण ग्रुपवर ते अजून धुमसतंय. या वेळी एका मित्राने लिहिलं, ‘पोटापाण्यासाठी आलेल्याला मराठी शिक म्हणणं हा कोतेपणा आहे. परदेशात बघा, इंग्रजीवर सगळं भागतं.’ परदेशात मी राहतो, जर्मनीत आखेनला. माझं डोकंच फिरलं, कारण त्याच आठवड्यात सांगलीहून शिकायला आलेल्या एका मुलीबरोबर मी आनमेल्डुंगला, म्हणजे राहत्या पत्त्याच्या सरकारी नोंदणीला गेलो होतो.

तिचं मास्टर्स पूर्ण इंग्रजीत आहे. स्पेरकोंटोत, म्हणजे व्हिसासाठी खर्चाचे पैसे अडकवून ठेवायच्या बँकखात्यात, 11,904 युरो भरून, विमा काढून, ऑक्टोबरात खोली मिळेना म्हणून मैत्रिणीकडे जमिनीवर झोपून ती इथवर आलेली. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. पण खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद आणायचा, आणि या साखळीतला जो तो जर्मन बोलणार.

खिडकीतल्या बाईंनी धर्म विचारला. चर्चचा कर त्यावरून लागतो. मुलीला प्रश्न कळला नाही, तिने इंग्रजीत विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली, स्क्रीन तिच्याकडे वळवला, रकान्यावर बोट ठेवलं आणि तोच प्रश्न जर्मनमध्येच, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारला. मी मागेच उभा होतो, मुद्दामच मध्ये पडलो नाही. मुलगी अडखळली, पण उत्तर तिने दिलं. संध्याकाळी सुपरमार्केटच्या काउंटरवर ‘झामेल्न झी पुंक्टे?’ (पॉइंट्स जमवता का?) आलं, मागे रांग खोळंबली, तेव्हा तिचा चेहरा उतरला. बाहेर येऊन म्हणाली, ‘दादा, वर्ग लावायलाच हवा.’ फोनवर आईनेही तेच सांगितलं, ‘लवकर शिकून घे गं.’ अन्याय वगैरे शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

मग जर्मनीत आलेल्या मुलीने जर्मन शिकावं हे ज्यांना शहाणपणाचं वाटतं, त्यांनाच डोंबिवलीत आलेल्याने मराठी शिकावं हे मागासलेपणाचं का वाटतं? तो व्हिसा काढून आलेला नाही, हक्काने आलाय, हे मला मान्य आहे. पण 1 मे 1960ला हे राज्य भाषेच्याच पायावर उभं राहिलं, हेही खरं ना?

मीरा रोडला 2025मध्ये मराठीच्या वादातून दुकानदाराला थोबाडीत मारल्या, त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. नोंदणीच्या खिडकीतल्या त्या बाई मुलीच्या अंगावर ओरडल्या असत्या तर ती वर्गाला गेली नसती, पुढच्या विमानाचं तिकीट बघत बसली असती.

आपण मारतो तरी, नाहीतर आधीच हिंदीवर येतो. आमच्या कल्याणच्या भाजीवाल्याचंच घ्या. मूळचा जौनपूरचा, पण मराठी उत्तम बोलतो. तो ‘मावशी, मेथी ताजी आहे’ म्हणतो आणि माझी आई विचारते, ‘कैसे दिया?’

‘तू तिकडे पळालास, तुला बोलायचा काय हक्क?’ असंही ग्रुपवर आलं. हक्क आहे, कारण इथे तो भाजीवाला मी आहे. माझं जर्मन ऑफिसात कुणाला खटकत नाही, तरी ओळख झाली की ‘मूळचे कुठले?’ येतंच. प्रेमाने विचारतात, पण इतकं शिकूनही मी दारातच उभा आहे असं वाटतं. आणि सुट्टीत पुण्याला उतरलो की रिक्षावाला माझ्याशी हिंदीत सुरुवात करतो. मी मराठीत उत्तर देतो, तो मराठीच निघतो, तरी दोन वाक्यांनी पुन्हा हिंदीवर जातो. तेव्हा फार एकटं वाटतं. आखेनमध्ये वाटत नाही इतकं.

इथे कायम राहायला येणाऱ्यांसाठी सरकारी मदतीने भाषेचे 600 तासांचे वर्ग चालतात. शिवाय गावोगाव फोल्क्सहोखशूल, म्हणजे मोठ्यांसाठीच्या शिक्षणसंस्था, आहेतच, कामावरून सुटलेली माणसं संध्याकाळी तिथे येतात. आपल्या पालिकांच्या शाळांमध्ये रात्री रिक्षावाल्यांसाठी, बांधकामावरच्या मजुरांसाठी, बदली होऊन आलेल्या बँकवाल्यांसाठी असे वर्ग गल्लोगल्ली हवेत, फुकट हवेत. कल्याणमध्ये कुणी सुरू करणार असेल तर सुट्टीवर आल्यावर मी शिकवायला येईन.